दोऱ्याच्या दुसऱ्या टोकाला

रमजान संपला आणि माझ्या उजव्या हाताची अनामिका माझं ऐकेनाशी झाली. दुमडली की दुमडलेलीच. मी सरळ हो म्हणावं आणि तिने ढिम्म हलू नये. मग तिला गुडघ्यावर दाबायची, तेव्हा कुठे कट् करून ती उघडायची आणि वर साळसूद चेहरा करायची. बोटाला चेहरा नसतो हे मलाही कळतं. पण चाळीस वर्षं जे बोट माझ्यासोबत सुई ओढत आलं, त्याने असं वागावं याचा मला मनापासून राग आला होता.

हे मी कोणालाही सांगितलं नव्हतं. मेकनेस शहराच्या जुन्या बाजारात जेलाब्यावर, म्हणजे घोट्यापर्यंतच्या झग्यावर, हाताने गोफ शिवणारे आता आम्ही तिघंच उरलोय. एकाला दिसत नाही, दुसऱ्याला काम करायचं नसतं, आणि तिसरा मी, माल्लेम, म्हणजे उस्ताद, थामी. माझं बोट अडकतं हे गल्लीला कळलं असतं तर गिऱ्हाइकं आधी हळहळली असती आणि मग हळूच कापड उचलून दुसरीकडे गेली असती. माझी मुलगी हस्ना तर निमित्ताचीच वाट बघत होती. "बा, पुरे झालं आता. दुकान भाड्याने द्या आणि घरी आराम करा," हे तिचं पालुपद. आराम म्हणजे काय, तर सकाळपासून बायकोच्या पायात पायात करायचं आणि तिची बोलणी खायची. त्यापेक्षा मी बोट लपवलं.

आमच्या कामात लपवणं तसं सोपं नाही, कारण ते एकट्याचं काम नव्हे. यंत्राचा गोफ बाजारात मीटरवर मिळतो, आणला, चिकटवला, झालं. आमचा गोफ कापडावर शिवता शिवताच विणला जातो. मी दुकानाच्या फळीवर मांडी घालून बसतो, कापड गुडघ्यावर. कापडाच्या कडेपासून रेशमाचे दोरे निघतात ते थेट गल्लीत, चार पावलांवर उभ्या असलेल्या माणसाच्या बोटांपर्यंत. त्याच्या दोन्ही हातांच्या बोटांत दोऱ्यांचे फास अडकवलेले असतात. त्याने एका हाताचं रिकामं बोट दुसऱ्या हाताच्या फासांमधून घालायचं, शेवटचा फास उचलून आणायचा, बाकीचे फास एकेक बोट पुढे सरकवायचे आणि हात फाकवायचे. तेवढ्याने गोफाला एक पेड पडतो आणि तो मी टाक्याने कापडावर धरून ठेवतो. मग दुसऱ्या हाताची पाळी. गळ्यापासून घोट्यापर्यंत असं हजारो वेळा. येणारे-जाणारे दोऱ्यांखालून वाकून जातात, गाढव आलं तर सगळी गल्ली "बालक! बालक!", म्हणजे वाट सोडा, असं ओरडते आणि आम्ही दोरे आभाळाकडे उचलतो.

सव्वीस वर्षं हे फास माझा मावसभाऊ अल्लाल धरायचा. ईदनंतर तो मुलाकडे तांजियरला राहायला गेला आणि त्याच्या जागी कोणी मिळेना. पूर्वी पोरं मिळायची, ती आता शाळेत असतात, आणि तेच बरं आहे. बायकोचे गुडघे तिला उभं राहू देत नाहीत. हस्नाने लहानपणी एकदाच फास धरले होते, आणि मांजर दिसताच तिथेच टाकून पळाली होती. तेव्हापासून माझा तिच्यावर विश्वास नाही.

आता हस्नाचंच लग्न ठरलं होतं, पुढच्या गुरुवारी. आणि मी समोरच्या बुअज्जाच्या दुकानात, भर माणसांत बोलून बसलो होतो, "माझ्या जावयाच्या अंगावर यंत्राचा गोफ दिसला तर माझी मिशी कापा."

बुअज्जा चपला शिवतो आणि जीभ सतत धार लावून ठेवतो. तो म्हणाला, "थामी, तुला मिशी आहे कुठे? दुसरं काही तरी बोल, जे कापता येईल."

सगळे हसले. मीही हसलो.

लग्नाच्या आदल्या शुक्रवारी नमाजानंतर नवरामुलगा बद्र आणि त्याची आई लल्ला नफीसा आमच्याकडे जेवायला आले. आमच्यात मानाने बाईला लल्ला आणि पुरुषाला सी म्हणतात. बद्र सरकारी इस्पितळात लोकांच्या हातांना व्यायाम देतो. ज्याचा हात मोडला, ज्याची बोटं आखडली, त्याला हा पुन्हा मूठ वळायला शिकवतो. म्हणजे मूठ वळण्याचा याला सरकार पगार देतं. मी हस्नाला म्हटलं होतं, असा माणूस घरात आणून आपण नक्की काय करणार आहोत? तिने माझ्याकडे असं बघितलं की मी विषय बदलला.

माझ्या बायकोने, रुकियाने, सात भाज्यांचा कुस्कुस केला होता. सगळे एका थाळ्याभोवती बसलो. आमच्याकडे कुस्कुस मुठीत घोळवून त्याची गोळी करून तोंडात टाकतात. मी मुकाट चमचा घेतला.

"हे बघा," रुकिया विहीणबाईंना म्हणाली, "महिनाभर झाला, आमचे साहेब चमच्याने जेवतात. लवकरच काट्यानेही जेवतील."

"कुस्कुस गरम आहे," मी म्हणालो.

"एवढा गरम? तुम्ही तर आयुष्यभर चुलीवरून काढून खायचात."

चहा आला तेव्हा बद्रने एक खेळ काढला. सगळ्यांनी हात मेजावर पालथा ठेवायचा, मधलं बोट दुमडून तळहाताखाली घ्यायचं आणि मग बाकीची बोटं एकेक करून उचलायची. अंगठा उठला, तर्जनी उठली, करंगळी उठली. अनामिका मात्र कोणाचीच उठेना. लल्ला नफीसा जोर लावून लाल झाल्या. हस्ना हसून हसून लोळायची बाकी राहिली.

"बोटात स्वतःचं बळ नसतंच," बद्र सांगत होता. "ओढणारे सगळे इथे, कोपराखाली बसलेले असतात. तिथून बारीक दोर बोटांपर्यंत जातात. मधल्या बोटाचे आणि अनामिकेचे दोर मागच्या बाजूला एकमेकांना बांधलेले आहेत. एकाला खाली डांबून ठेवलं की दुसरं उठत नाही."

"म्हणजे नवरा-बायकोसारखं," रुकिया म्हणाली.

"बा, तुम्ही करा ना!" हस्ना माझ्याकडे वळली.

मी हात बाहीत ओढून घेतला. "माझी बोटं खेळायला नाहीत, कामाला आहेत."

विषय बदलावा म्हणून लल्ला नफीसा म्हणाल्या, "सी थामी, जेलाब्याचा इतका त्रास घेऊ नका. दोरे धरणारं कोणी नाही म्हणे. यंत्राचा गोफ हल्ली छान मिळतो, दुरून फरक कळतसुद्धा नाही."

माझं डोकं फिरलं. "दुरून?" मी म्हणालो. "लल्ला, दुरून तर मीही तरुण दिसतो!"

"मी धरतो दोरे," बद्र म्हणाला.

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. तो म्हणाला, "लग्नासाठी रजा घेतलीच आहे. पाच दिवस आहेत. बोटांचंच काम आहे ना?"

मला नको होता. हातांवर नजर ठेवण्याचा पगार घेणारा माणूस चार पावलांवर उभा करायचा, तोही माझ्या अडकणाऱ्या बोटासमोर! पण नाही म्हणायला कारण सुचेना. मी म्हणालो, "सकाळी सात वाजता. उशीर झाला तर गल्लीतल्या गाढवाला उभं करीन."

शनिवारी तो पावणेसातलाच हजर. आणि काय सांगू, इतका अडाणी माणूस मी पाहिला नव्हता. कोणत्या बोटाचा कोणता दोर कुठे जातो हे सगळं तोंडपाठ, पण एक फास इकडून तिकडे नेताना दोन पडायचे. डावा हात फाकवायचा तर उजवा फाकवायचा. अनामिकेवरचा फास सरकवताना मधलं बोटही सोबत वाकायचं आणि तिथला फास निसटायचा.

"बघितलंत?" तो उत्साहाने म्हणाला. "मी सांगितलं होतं तेच. अनामिका एकटी हलत नाही!"

"तुझं शास्त्र बरोबर आहे बाळा, गोफ चुकलाय. उसव."

बुअज्जा चपलेवर हातोडी मारत ओरडला, "डॉक्टर, दोरे गुंतलेत. रोगी वाचेल का?"

"वाचेल," बद्र म्हणाला, "पण नातेवाइकांनी जरा बाहेर थांबावं."

गल्ली हसली. मला मात्र हसू आलं तरी मी दाखवलं नाही. त्या दिवशी आम्ही वीतभर गोफ केला आणि पाऊण वीत उसवला.

रविवारी दुपारनंतर त्याची बोटं वळायला लागली. फास पडेनासे झाले, पेड एकसारखा पडायला लागला. पण एक खोड राहिली. मधूनच, आठ-दहा टाक्यांनंतर, तो फास उचलायच्या आधी थांबायचा. फार नाही, अर्धा श्वास. अल्लाल कधी असा थांबला नव्हता. त्याचे हात दळणाच्या जात्यासारखे एका लयीत चालायचे.

"झोपलास का?" मी ओरडायचो.

"शिकतोय, माल्लेम."

"लग्नाच्या मांडवातही असाच थांबणार आहेस का? तोपर्यंत काझी घरी जाईल!"

बुअज्जाला आयतं कोलीत मिळालं. प्रत्येक थांब्याला तो "अरे, अल्ला जावयाला जाग देवो!" असं म्हणायचा आणि बद्र बिचारा मान खाली घालून हसायचा.

खरं सांगायचं तर मला ते थांबणं पथ्यावर पडत होतं. टाका घट्ट ओढताना दोरा अनामिकेत आवळावा लागतो, आणि तिथेच बोट अडकायचं. कापडाखाली हात घालून गुडघ्यावर दाबलं की कट्. तेवढाच वेळ हा मठ्ठ नेमका खाऊन टाकायचा. मी मनात म्हणायचो, देवाने मदतनीस मंद पाठवला, पण माझ्या सोयीचा पाठवला. आणि पुन्हा खेकसायचो, कारण न खेकसता बसलो असतो तर लोकांना संशय आला असता.

मंगळवारी संध्याकाळी मी केलेलं काम मांडीवर पसरून बघितलं. दुधी रंगाच्या लोकरीवर मधाच्या रंगाचा गोफ, गळ्यापासून पार गुडघ्यापर्यंत. मी प्रत्येक पेडावरून अंगठा फिरवला. बोट शंभरदा तरी अडकलं असेल, पण ते नेमकं कुठे ते मलाही सापडेना. मी स्वतःवर खूश झालो. म्हटलं, थामी, बोट गेलं तरी हात शाबूत आहे.

बुधवारी सकाळी शेवटचा हातभर गोफ उरला होता, आणि गल्लीच्या टोकाला कोण उगवावं? अल्लाल! लग्नासाठी तांजियरहून पहाटेच्या गाडीने आलेला. गळाभेटी झाल्या, त्याने मला रडवलं, मी त्याला रडवलं. मग त्याची नजर दोऱ्यांवर गेली आणि त्याचे हात शिवशिवायला लागले.

"ए पोरा, आण इकडे," तो बद्रला म्हणाला. "नवरदेवाने स्वतःच्या जेलाब्याचे दोरे धरायचे? जा, हमामला जा, अंग घासून घे."

बद्र हलला नाही. "थोडंच राहिलंय. मी करतो ना."

"अरे दे रे त्याला!" मी म्हणालो. मला काय आनंद झाला होता! चार दिवस दगड ओढल्यावर घोडा मिळाला होता. बद्रने माझ्याकडे एकदा बघितलं आणि फास एकेक करून अल्लालच्या बोटांत घातले.

अल्लालने हात फाकवले आणि जुनी लय सुरू झाली. एक, दोन, तीन. गल्लीतले लोक बघायला थांबले. बुअज्जानेही हातोडी खाली ठेवली. आठव्या टाक्याला माझं बोट अडकलं. मी गुडघ्यावर दाबलं, कट्, पण तोवर अल्लाल पुढचा पेड टाकून मोकळा. मी घाईघाईने टाका घातला, तो ढिला पडला. पुन्हा पाच टाके बरे गेले आणि पुन्हा बोट बसलं. मी मागे, अल्लाल पुढे. विसाव्या टाक्यापर्यंत गोफाला मधेमधे फटी पडल्या होत्या आणि माझ्या कपाळावर घाम आला होता.

अल्लाल थांबला. "थामी," तो बुचकळ्यात पडून म्हणाला, "काय झालं रे? तू मागे का राहतोस?"

सगळी गल्ली माझ्या हातांकडे बघायला लागली. तिकडचा पुदिना विकणाराही नाणी मोजायचं सोडून वळला. माझी अनामिका दुमडलेली होती, कापडाच्या घडीत लपवलेली, आणि मला ती उघडायचंही धाडस होईना. मी साठीला आलेला माणूस, पण मला तेव्हा चक्क रडू येईलसं वाटलं.

"सी अल्लाल, तुम्ही प्रवास करून आलात," बद्र मधे आला. "हात जडावले असतील. द्या इकडे, चहा घ्या तुम्ही."

"माझे हात जडावले?" अल्लाल तडकला. पण बद्रने बोलता बोलता फास काढून घेतलेही होते.

आम्ही पुन्हा सुरू केलं. एक, दोन, तीन. सातवा टाका, आठवा. माझं बोट आवळलं आणि अडकलं. आणि चार पावलांवर बद्रचे हात थांबले. अर्धा श्वास. कट्. बोट उघडलं, टाका बसला, आणि त्याने फास उचलला.

मी त्याच्या हातांकडे बघतच राहिलो. पुढच्या वेळी बोट पाचव्याच टाक्याला अडकलं. तोही पाचव्यालाच थांबला.

चार दिवस मी ज्याला मंद म्हणत होतो, ज्याला मी भर बाजारात शंभरदा झापलं होतं, तो माझ्या बोटासाठी थांबत होता. सारी गल्ली त्याला हसत होती आणि तो मान खाली घालून ऐकून घेत होता. मला इतकी लाज वाटली की पुढचे टाके मी डोळे पुसत घातले आणि लोकांना सांगितलं, लोकरीचे तंतू डोळ्यांत जातात.

शेवटचा दोरा कापला, लोक पांगले, अल्लाल चहाला गेला. बद्र फळीशी आला.

"कधी कळलं?" मी विचारलं.

"शुक्रवारी. तुम्ही कुस्कुस चमच्याने खाल्लात."

"आणि तो बोटांचा खेळ?"

"तुमचं बोट बघायलाच काढला होता. तुम्ही हात लपवलात, मग खात्रीच झाली." त्याने उरलेला दोरा बोटाला गुंडाळला. "आणि इथे दोऱ्यांतून सगळं कळतं. बोट अडकलं की दोरा आधी थरथरतो."

"हस्नाला सांगितलंस?"

"बोट तुमचं आहे, माल्लेम. सांगायचं तर तुम्ही सांगा."

मग त्याने माझा हात हातात घेतला आणि तळव्यावर, बोटाच्या मुळाशी अंगठा टेकवला. तिथे वाटाण्याएवढं काही तरी सरकलं. "दोराला गाठ आली आहे," तो म्हणाला. "दोर नळीतून जातो, आणि गाठ नळीच्या तोंडाशी अडकते."

"सुईच्या नेढ्यात अडकते तशी?"

"तशीच. काही आठवडे बोटाला पट्टी बांधून बघू. नाही ऐकलं तर आमचे डॉक्टर एक सुई देतील. बहुतेक बरं होतं."

"सुई?" मी हात मागे घेतला. तो इतका हसला की त्याला फळीचा आधार घ्यावा लागला. चाळीस वर्षं सुई धरलेल्या माणसाला सुईची भीती वाटू नये असं कुठे लिहिलंय?

त्या ढिल्या वीस टाक्यांकडे बोट करून तो म्हणाला, "हे उसवून पुन्हा घालायचं ना? मी उभा राहतो."

मी जेलाब्याची घडी घातली. "राहू दे," मी म्हणालो.

लग्न छान झालं. हस्ना कशी दिसत होती ते मी सांगणार नाही, कारण सांगायला लागलो की मला बोलता येत नाही. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, नमाजाहून परतताना बद्रने तोच जेलाबा घातला होता आणि अर्धी गल्ली त्याच्या मागोमाग आमच्या दारापर्यंत आली. अल्लाल आणि बुअज्जा तर जेवायलाच थांबले. पुन्हा कुस्कुस, पुन्हा तोच थाळा.

अल्लाल बद्रच्या शेजारी बसला होता. त्याने जेलाब्याची कड हातात घेतली आणि गळ्यापासून खाली अंगठा फिरवत आला. "वा! वा!" करत तो गुडघ्याखाली पोचला आणि थबकला. "थामी, हे काय? हे तू उसवलं नाहीस? तू? अरे, एका वाकड्या टाक्यासाठी तू मला रात्रीचं जेवण चुकवायला लावायचास!"

सगळे माझ्याकडे बघत होते. हस्नाही बघत होती.

"तेवढे वीस टाके माझे आहेत," मी म्हणालो. "बाकीचा सगळा गोफ बद्रने सांभाळलाय. माझं बोट अडकतं. हे बघा, हे. महिनाभर अडकतंय. मी ते लपवलं, आणि त्याने भर बाजारात माझ्या शिव्या खाल्ल्या, पण मला उघडं पाडलं नाही."

मी हात थाळ्यावर धरला. वाटलं होतं, आता आभाळ कोसळेल. हस्ना रडेल, दुकानाला कुलूप लागेल, बुअज्जाच्या तोंडातून गावभर दवंडी पिटली जाईल.

"हात्तिच्या!" बुअज्जा गाजर चावत म्हणाला. "मला वाटलं काही नवीन सांगतोयस. तुझ्या बोटाचा कट् माझ्या दुकानात ऐकू येतो. मला वाटायचं, तू बदाम फोडतोस. मग म्हटलं, हा कंजूस रोज इतके बदाम कशाला खाईल?"

"आणि मी काय कान घरी ठेवून येते?" रुकिया म्हणाली. "झोपेतसुद्धा कट्कट्. मी वाट बघत होते, स्वारी कधी बोलते ते."

मी हस्नाकडे बघितलं. तिचे डोळे भरले होते, पण ती माझ्याकडे नाही, नवऱ्याकडे बघत होती. मग म्हणाली, "बा, पट्टी बांधायची. डॉक्टरकडे जायचं. आणि सुईला नाही म्हणायचं नाही. मग दुकानाचं मी नाव काढणार नाही."

"आणि दोरे कोण धरणार?" मी विचारलं.

"शनिवारी मी मोकळा असतो," बद्र म्हणाला.

"शनिवारी गाढवंही मोकळी असतात," बुअज्जा म्हणाला, आणि रुकियाने त्याच्यापुढचा भोपळा उचलून दुसऱ्याला वाढला.

माझ्यासमोर चमचा ठेवलेला होता. मी तो बाजूला सारला आणि बिस्मिल्ला म्हणून उजवा हात थाळ्यात घातला. कुस्कुस मुठीत घेतला, घोळवला, छान गोल गोळी झाली, आणि अनामिका नेमकी तिथेच बसली. गोळी मुठीत, मूठ हवेत.

अल्लालचा हात थाळ्याच्या कडेशी थांबला, बुअज्जाचा तोंडाजवळ, रुकियाचा आणि हस्नाचा जिथल्या तिथे. बद्र नेहमीसारखा मान खाली घालून हसत होता. सगळा थाळा माझ्यासाठी अर्धा श्वास थांबला.

कट्. मी गोळी तोंडात टाकली आणि सगळे पुन्हा जेवायला लागले.